मेमोकाकांचा कोरा रकाना

मेमोकाका फोन हातात घेण्याआधी पेन हातात घ्यायचे. समोरचा माणूस घाईत असो, वैतागलेला असो, त्याची बायको दवाखान्यात असो, आधी कागद. शाळेच्या वहीच्या पानाचा चतकोर, मधोमध पट्टीने मारलेली उभी रेघ. डावीकडे ‘उघडलं’, उजवीकडे ‘बंद केलं’. फोनमध्ये काय काय उघडणार ते डावीकडे लिहायचं, तारीख-वेळ टाकायची, फोनवाल्याची सही घ्यायची. काम झालं की उजवा रकाना भरायचा आणि पुन्हा सही. उजवा रकाना कोरा असेपर्यंत फोन परत मिळायचा नाही.

“काका, नुसती काच बदलायचीय हो,” लोक चिडायचे.

“मग ‘नुसती काच’ असं लिहितो. करा सही.”

नाशिकच्या सातपूरला आमच्या युनियनची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि खाली जिन्याच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून, काकांचं टेबल. एक भिंग, एक दिवा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, जुना लॅपटॉप आणि दोन स्टुलं. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर सातपूरच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मुलगी सुनंदा मनमाडलाच रेल्वेत होती. मोबाइल दुरुस्ती ते कुठल्या क्लासला शिकले नव्हते. “तार तीच, करंट तोच. डबा लहान झाला एवढंच,” असं म्हणायचे. अख्खी गल्ली त्यांना मेमोकाका म्हणायची. त्यांचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते पोलीस चौकीतल्या कागदावरून.

चतकोर कागदाचा हा मेमो मूळचा रेल्वेतला. सिग्नलच्या पेटीला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला लिहून द्यायचं, की अमुक सिग्नल मी सोडवतोय, आता त्याच्यावर विसंबू नका. मास्तरची सही मिळाल्याशिवाय पाना लावायचा नाही. काम संपल्यावर दुसरा कागद: जोडला, तपासला, आता विसंबा. या दोन कागदांच्या मधला जो वेळ, तो काकांच्या मते जगातला सगळ्यात धोक्याचा वेळ. “उघडता कुणालाही येतं गं,” ते म्हणायचे. “बंद करणारा एकच असतो, आणि तो नेमका चहाला गेलेला असतो.” असा चहाला गेलेला त्यांचा एक जोडीदार होता. त्या दिवशी काय झालं, असं मी एकदा विचारलं. भिंगातून वर न बघता ते म्हणाले, “मालगाडी होती म्हणून बरं.” त्यापुढे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. खोटा मेमो लिहिणारा आणि रूळ उखडणारा यांच्यात मात्र ते फरक करत नसत. तसं त्यांनी मला दहा वेळा तरी ऐकवलं असेल.

मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास केलेली मुलगी. वडील अंबडच्या एका कारखान्यात होते; संप, टाळेबंदी, गेटसभा, प्रत्येकाची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात घड्या घालून बाहेर पडायची. ‘जाहीर निषेध’ किती ठळक करायचा हे मला अपूर्णांकांच्या आधी कळलं. काकांनी माझं नाव ठेवलं पत्रकवाली. माझं प्रत्येक पत्रक ते जिन्याशी उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

“कसं झालंय?” मी विचारायची.

“उद्गारचिन्हं लय झाली. माणूस घाबरून पळून जाईल.” मग कागद परत देताना, “आणि लोकांनी काय करायचं ते तू सांगतेस. करून झाल्यावर काय करायचं, ते नाय सांगत.”

मला राग यायचा. वाटायचं, तीस-पस्तीस वर्षं साहेबाच्या सहीची वाट बघून हा माणूस आतून वाकला आहे. जगात आग लागलेली असताना हे रकाने आखत बसतात.

त्या वर्षी आमच्याकडे हाउसकीपिंगच्या बायका येऊ लागल्या. अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये फरशा पुसणाऱ्या, संडास धुणाऱ्या. पण कंपनीच्या नव्हे, मधल्या एका एजन्सीच्या. एजन्सीने प्रत्येकीच्या स्वतःच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप टाकायला लावलं होतं. सकाळी गेटवर उभं राहून फोनला चेहरा दाखवायचा, मग हजेरी लागायची. त्यांची युनियन अजून झाली नव्हती. दर गुरुवारी ड्युटी सुटल्यावर त्या वरच्या खोलीत जमायच्या, घरी ‘भजनाला जाते’ असं सांगून. युनियनच्या खोलीत पाऊल ठेवल्याचं एजन्सीला कळलं तर दुसऱ्या दिवशी काम नाही, हे प्रत्येकीला माहीत होतं.

त्यांच्यात सगळ्यात तोंडाळ शोभाताई. माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षाच्या बागेत लहानपण गेलेलं. तिचा फोन जावयाने वापरून टाकलेला होता. एका गुरुवारी वर जाता जाता तिने तो काकांच्या टेबलावर ठेवला.

“काका, याला म्हातारपण आलंय. बोट लावलं की जांभई देतो.”

काकांनी कागद पुढे केला. तिने सही केली. मग काकांनी सेटिंग उघडलं, ‘फोनबद्दल’मध्ये गेले आणि तळाशी बिल्ड नंबर लिहिलेला असतो त्या ओळीवर बोटाने टिचक्या मारू लागले. घाई नाही. एक, दोन, तीन, असं मोठ्याने मोजत सातपर्यंत. फोनवर अक्षरं उमटली: तुम्ही आता डेव्हलपर आहात.

“कोण, मी?” शोभाताई किंचाळली. “अगं बायांनो, गंगापूर रोडला फ्लॅट कुणाला पाहिजे? बुकिंग माझ्याकडं करा!”

जिन्यावरच्या सगळ्या जणी हसल्या. काका हसले नाहीत. “फोन बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेली खोली हाय ही,” ते म्हणाले. “फोन ज्याचा, त्याला दाखवत नाहीत. सात वेळा दार वाजवलं की उघडतं. आत जायचं, आपलं काम करायचं, दिवा मालवून बाहेर यायचं. तिथं बसून राहायचं नाय.” पडदा सरकताना, चित्र उघडताना फोन जो ॲनिमेशनचा नखरा करतो, त्याच्या वेळेचे तीन आकडे त्यांनी अर्ध्यावर आणले. फोन चटचट चालायला लागला. शोभाताई टाळी वाजवणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

बाहेर पडण्याआधी ते नेहमी आतली एक यादी बघायचे. या घडीला फोनमध्ये काय काय चालू आहे आणि किती वेळापासून, ते त्या यादीत दिसतं. काकांनी भिंग फोनवर धरलं.

“शोभा, ड्युटी किती वाजता सुटली?”

“चारला.”

“आत्ता साडेपाच. हे हजेरीचं चालूच हाय.” त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. “एकतीस तास झाले याला. झोपलंच नाय.”

“म्हंजे?”

“म्हणजे तू घरी गेलीस, जेवलीस, झोपलीस. ते जागंच होतं. तू कुठं हायेस ते बघत.”

सगळ्यांनी आपापले फोन काढले. साध्या सेटिंगमध्येही ते लिहिलेलं होतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं: ठिकाण, कायम परवानगी. शोभाताई हळू आवाजात म्हणाली, “मी मोरीत असते तवा पण?”

“तू काय करतेस ते नाय कळत त्याला. कुठं हायेस तेवढंच.”

“कुठं ते कळलं की काय ते कळतंच की वो काका.”

मागच्या पायरीवरून मंगल नावाची एक हडकुळी बाई बोलली. ती बैठकीत कधी बोलत नसे. “मागल्या रविवारी पंचवटीत काय काम होतं, असं सुपरवायझरनं मला इचारलं. मला वाटलं, बाजारात दिसले आसंन त्याला.”

ज्या बाईला कंपनीच्या कँटीनच्या खुर्चीवर बसू देत नाहीत, तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचा नकाशा यांना हवा होता. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवायला लागले. काका मात्र वेगळाच विचार करत होते. त्यांनी जिन्याकडे बघितलं, अकरा बायकांच्या हातांतल्या अकरा फोनांकडे बघितलं आणि विचारलं, “आत्ता कुठं दिसत असाल तुम्ही?”

शोभाताईने आपला फोन पदराखाली झाकला, जणू पदराने ते थांबणार होतं.

काकांचा इलाज साधा होता. ड्युटी सुटली की ॲप सक्तीने बंद करायचं, सकाळी गेटवर पुन्हा उघडायचं. त्यासाठी त्या लपलेल्या खोलीत जायची गरज नाही. शोभाताईच्या फोनची ती खोली त्यांनी तिच्यासमोर बंद केली, उजवा रकाना भरला, सही घेतली. बाकी दहा फोनांना हात लावला नाही. “एकाचं बघितलं, सगळ्यांचं कळलं. उगाच दारं कशाला उघडायची?”

मी त्याच बैठकीत जाहीर केलं की पत्रक निघणार.

“हे छापू नको,” काका म्हणाले.

“का? लोकांना कळायला नको?”

“कळू दे की. पण कसं उघडायचं ते छापणार असशील तर प्रत्येकीमागं बंद करणारा उभा कर. तू उभी राहणार हायेस का?”

“काका, भीतीवरच चालतं यांचं सगळं. प्रत्येकीने स्वतःच्या डोळ्यांनी ती यादी बघितली पाहिजे. पुरावा आहे तो!”

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि एका चतकोरावर दोन ओळी लिहून दिल्या. “मग हे शेवटी घाल. बघून झालं की सगळ्यात वरचं बटण बंद करायचं. विसरू नको.”

मी विसरले नाही. पाच मुद्दे टाइप केले, सहावा म्हणून काकांच्या दोन ओळी घातल्या, खाली ठळक घोषणा: ‘आमचा फोन! आमचं घर! आमचा वेळ!’ पण झेरॉक्सवाला म्हणाला, “ताई, एका पानात बसत नाय. दोन ओळी मागं जातायत.” मागच्या बाजूलाही छापायचं तर वेळ जाणार होता, आणि पत्रक एकाच बाजूला असतं, ते भिंतीला चिकटवता येतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. दोन ओळी काढायच्या होत्या. घोषणा काढायला माझा हात धजला नाही. मी सहावा मुद्दा काढला.

त्या आठवड्यात काका सुनंदाकडे मनमाडला होते. आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली, “पत्रक दाखव की.”

“संपली,” मी म्हणाले. पिशवीत सात-आठ होती.

“एक तरी ठेवायचं माझ्यासाठी,” म्हणत ते कामाला लागले.

तीन आठवडे काही झालं नाही. उलट बायका खुशीत होत्या. घराघरांत सात टिचक्या मारून प्रत्येकीने ती यादी बघितली. एकमेकींना ‘काय डेव्हलपर, चहा घेणार का?’ म्हणायच्या. संध्याकाळी ॲप बंद करायच्या, सकाळी उघडायच्या. ती आतली खोली मात्र अकराही फोनांत उघडीच होती, शोभाताईने पुन्हा उघडलेलीसुद्धा. ती बंद करायची असते, हे पत्रकात कुठे लिहिलं होतं?

मग एका सोमवारी सकाळी ॲप आपोआप नवीन झालं. गेटवर फोनला चेहरा दाखवला, तर लाल चौकट आली: या फोनमध्ये डेव्हलपर पर्याय सुरू आहेत, हजेरी नोंदवता येणार नाही. दुपारपर्यंत एजन्सीच्या ग्रुपवर अकरा नावांची यादी पडली. ‘ॲपशी छेडछाड.’ बुधवारपर्यंत लेखी द्यायचं की हे कुणी शिकवलं. नाहीतर काम बंद, पोलिसांत तक्रार, आणि नावं नाशिकमधल्या बाकीच्या एजन्सींनाही कळवणार. शिवाय सुपरवायझरने आणखी एक प्रश्न विचारला होता. महिन्याभरापूर्वीपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी नकाशावर तुमचे सगळ्यांचे ठिपके सातपूरच्या त्या एकाच जिन्यापाशी का असायचे?

त्या दुपारी अकरा जणी वरच्या खोलीत बसल्या होत्या. येताना फोन घरी ठेवून आल्या होत्या. कुणी विनोद करत नव्हतं. शोभाताई भिंतीला टेकून म्हणाली, “पोरगी बारावीला हाय माझी. ह्या वर्षी काम गेलं तर तिला माझ्याबरोबर फरशी पुसायला न्यावं लागंल. दुसरं काय?”

“मी जाते एजन्सीत,” मी म्हणाले. “सांगते, पत्रक मी काढलं. या बायकांचा काही संबंध नाही.”

“बस खाली,” दारातून काकांचा आवाज आला. ते वरच्या खोलीत कधी येत नसत. “तू गेलीस म्हणजे तिथं युनियन गेली. युनियन गेली म्हणजे या अकरा जणी युनियनच्या. मग फोनचा प्रश्नच राहत नाय.” मग हात पुढे करून म्हणाले, “पत्रक दे. असंल तुझ्याकडं.”

मी पिशवीतून काढून दिलं. ते उभ्यानेच वाचत गेले, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पान उलटून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

“सहावा मुद्दा?”

“बसला नाही.”

काकांनी पत्रक होतं त्या घडीवर पुन्हा दुमडलं. “घोषणा बसली,” ते म्हणाले.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी युनियनच्या पोरांशी, अधिकाऱ्यांशी, घरात बापाशी भांडलेली मुलगी. भांडण मला पेलतं. पण ते मला ओरडले नाहीत. त्यांनी शोभाताईला विचारलं, कुठल्या कुठल्या गुरुवारी कोण कोण आलं होतं. तिने बोटांवर मोजून सांगितलं. तीन गुरुवार. काकांनी ते लिहून घेतलं आणि मला म्हणाले, “आता दोन कामं कर. सगळी पत्रकं गोळा करून आण. एकही बाहेर राहायला नको. आणि येताना तीन पेनं आण. वेगवेगळी.”

“पेनं कशाला?”

“एका शाईनं तीन तारखा लिहिल्या तर कोण विश्वास ठेवील?”

तेव्हा मला कळलं ते काय करणार होते. ठिपके जिन्यापाशी दिसत होते ना? मग जिन्यापाशी मोबाइल दुरुस्तीचं टेबलही होतं. बायका युनियनसाठी नव्हे, फोन दुरुस्तीला आल्या होत्या. फोन मंद चालतात म्हणून दुरुस्तीवाल्याने आतली खोली उघडली आणि बंद करायची विसरला. बायकांना काय माहीत? त्यांना तर सहीसुद्धा धड येत नाही. ही गोष्ट खरी वाटायला हवी होती, आणि ती खरी वाटेल असे कागद अख्ख्या नाशकात एकाच माणसाकडे असू शकत होते.

मी श्रमिकनगरपासून अंबडपर्यंत घराघरांत फिरून माझीच पत्रकं परत मागितली. कुणी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कुणी डब्याखाली अंथरलं होतं, एकीच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं ते मी नखांनी खरवडून काढलं. पत्रक वाटताना माणूस ताठ चालतो. गोळा करताना कसं चालतो, ते मला त्या दिवशी कळलं.

परत आले तर काका टेबलाशी बसले होते. समोर पट्टीने रेघा मारलेले चतकोर. पहिल्या गुरुवारचे चार निळ्या पेनने लिहिले, दुसऱ्याचे काळ्या, तिसऱ्याचे जाड टोकाच्या निळ्या. ‘फोन मंद. डेव्हलपर पर्याय उघडले.’ खाली वेळ, बाईची सही, त्यांची सही. उजवा रकाना प्रत्येक कागदावर कोरा. मग त्यांनी फाइल काढली, त्यातून शोभाताईचा खरा मेमो शोधला. त्याचा उजवा रकाना भरलेला होता. तो तिथे राहिला असता तर सगळी गोष्ट ढासळली असती. त्यांनी तो फाडला. बारीक तुकडे करून चहाच्या ग्लासात घातले आणि वरून पाणी ओतलं.

“काका, हे करू नका,” मी म्हणाले. “तुम्हीच म्हणता ना, खोटा मेमो...”

“तू वर जा,” ते म्हणाले. “तू इथं नव्हतीस.”

बुधवारी ते धुतलेला शर्ट घालून, फाइल काखेत मारून अकरा बायकांबरोबर एजन्सीच्या ऑफिसात गेले. तिथे काय झालं ते मला शोभाताईने सांगितलं. आतल्या माणसाने कागद उलटेपालटे करून विचारलं, “तू अकरा फोन उघडले आणि एकही बंद नाही केला? असा कसा रे तू कारागीर?” त्यांच्या वयाला अहो-जाहो नव्हतं. काका हात बांधून म्हणाले, “राहून गेलं साहेब. ध्यानात राहत नाही आताशा.” शोभाताई सांगताना थांबली. “ताई, मी त्यांच्याकडं बघितलंच नाय. बघितलं असतं तर तोंडातून खरं निघालं असतं.”

बायकांना सहाव्या दिवशी कामावर घेतलं, समोर उभं राहून तो पर्याय बंद करून घेतल्यावर. काकांविरुद्ध तक्रार गेली. चौकीत तीन-चार वेळा बोलावलं, लॅपटॉप आणि फाइली ठेवून घेतल्या, यापुढे मोबाइल दुरुस्ती करणार नाही असं लिहून घेतलं. त्या कागदावर वर त्यांचं पूर्ण नाव होतं. झेरॉक्सवाल्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं की टेबल हलवा, माझ्या दुकानाला नसता ताप. गल्लीत बोललं जाऊ लागलं की म्हातारा बायकांच्या फोनमध्ये काहीबाही करायचा. मी ते ऐकत जिना चढायची. प्रत्येक वेळी तोंड उघडावंसं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी अकरा नावं डोळ्यांसमोर यायची.

काकांनी सातपूरच्या खोल्या सोडल्या. सुनंदा त्यांना न्यायला आली. नाशिकरोड स्टेशनवर मी त्यांची पिशवी धरून उभी होते. बायकांपैकी कुणी निरोपाला येऊ शकत नव्हतं, ॲप बंद ठेवायची आता सोय नव्हती, ठिपका स्टेशनवर दिसला असता. फक्त शोभाताई आली, फोन घरी चार्जिंगला लावून. तिने काकांच्या हातात डबा दिला आणि पाया पडून लगेच निघून गेली. सुनंदा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, “बाबा, मला एकच सांगा. बंद करायला विसरलात? तुम्ही?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. नुसती नजर. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

“वय झालं, सुनंदा,” ते म्हणाले. “होतं असं.”

“रेल्वेत झालं असतं तर?”

काकांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. गाडी आली.

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. या महिन्यात त्या एजन्सीचा ठेका संपला, ऑफिसला कुलूप लागलं. आता धोका टळला, असं मला वाटलं. मी एका दमात हा सगळा मजकूर लिहिला आणि मनमाडला फोन केला. छापायला देण्याआधी काकांनी ऐकावं म्हणून. सुनंदाने फोन उचलला. मी म्हटलं, तुम्हीही ऐका. तिने फोन स्पीकरवर टाकला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूसकट.

वाचून संपल्यावर पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग सुनंदाचा आवाज आला. “म्हणजे बाबा विसरले नव्हते.”

“नाही,” मी म्हणाले.

“हे तुम्ही तेव्हा प्लॅटफॉर्मवर बोलू शकला असता.”

“त्यांनी नको म्हटलं होतं.”

“त्यांनी म्हटलं होतं. तुम्हाला काय म्हणायचं होतं?”

तेवढ्यात काका फोनजवळ आले असावेत. आवाज म्हातारा झाला होता, पण तोच. “पत्रकवाली, बरं लिहिलंयस. माझं काय ते छाप, मला आता कोण काय करणार? पण एक सांग. ठेका संपला म्हणतेस. नवीन कुणाला मिळाला?”

“दुसरी एक एजन्सी आहे.”

“तिचं ॲप कुठलं?”

मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शोभाताईकडे गेले. तिने फोन दाखवला. ॲपच्या चित्राचा रंग हिरव्याचा निळा झाला होता. आतलं सगळं तेच, लाल चौकटसुद्धा. अकरा जणींच्या जुन्या नोंदी नव्या एजन्सीकडे आल्या आहेत की नाहीत, तिला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि विचारायला जाईल असं कुणी नव्हतं. तिने तो फोन उशीखाली ठेवला, दार ओढून घेतलं, बाहेर ओट्यावर येऊन बसली आणि मग म्हणाली, “हां, आता बोल.”

मी अकरा घरं फिरले. यावेळी गोळा करायला नाही, वाटायलाही नाही, विचारायला. प्रत्येकीला तिच्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवला. नऊ जणींनी छाप म्हटलं. त्यांची नावं, पायरीवरची त्यांची जागा, घराची खूण, सगळं बदललं आहे. दोघींनी नको म्हटलं. त्यातली एक जण दारातच म्हणाली, “ताई, तुमचं लिहून होतं. आमची सकाळी हजेरी असते.”

तिला विचारूनच हे एक वाक्य ठेवलं आहे. बाकी त्या दोघींबद्दल जे लिहिलं होतं, ते मी काढून टाकलं.